बाकी छत्तीस

नदीचं नाव चुलबंद,
आणि तिच्या काठावर आमच्या राइस मिलची चूल
दिवाळीपासून होळीपर्यंत एक रात्र बंद नसते.
तूस जळतं, टाकीत धान उकडतं,
जुनं वाफेचं इंजिन पट्टा ओढतं,
आणि पट्ट्याच्या अलीकडे, तीन पायांच्या स्टुलावर
दुधराम कापगते.

भिंतीवरचं सर्टिफिकेट दुसऱ्याचं होतं,
महिन्यातून एकदा लाखांदूरहून सहीला येणाऱ्याचं.
आग दुधरामची.
आवाजावरून प्रेशर सांगायचा,
मग काट्याकडे बघायचा,
काटा खरं बोलतो का ते पाहायला.

मी आयटीआय करून आले
ती वही छातीशी धरून. पहिल्या पानावर:
एक अश्वशक्ती म्हणजे पंच्याहत्तर किलो
एका सेकंदात एक मीटर वर.
म्हणजेच उष्णतेत,
तासाला सहाशे बत्तीस किलोकॅलरी.
मी मोठ्यानं वाचलं. तो हसला.
आमच्याकडे घोडा फक्त वरातीत,
तोही पवनीहून, भाड्यानं, अर्धा दिवस.
चिखलात हेलेच.
‘हेल्याचा हिशोब हाये का तुह्या वहीत?’
नव्हता.

मी हट्टाला पेटले. खडूनं दारावरच मांडलं:
एक किलो तूस, तीन हजार किलोकॅलरी,
भागिले सहाशे बत्तीस.
तासाला किलोभर जाळलं की पावणेपाच घोडे.
त्यानं टोपलं भरून तूस आत लोटलं,
पायानं झडप लावली,
फ्लायव्हीलकडे बराच वेळ पाहिलं.
‘मले तं अर्धाबी दिसत नाही.’

परीक्षा त्यानंही दिली होती, एकदा, नागपूरला.
तासाला पंचवीस हजार दोनशे ऐंशी किलोकॅलरी,
तर अश्वशक्ती किती?
त्यानं लिहिलं, चार.
आणि खाली, बारीक अक्षरात:
तूस कोरडं असलं तर.

उत्तर चाळीस होतं.
मी चाळीस लिहिलं.
पास झाले, पेढे वाटले, सर्टिफिकेट टांगलं.
त्यानं पेढा खाल्ला, हात गमछ्याला पुसले,
‘चाळीस बरोबर हाये, पोरी.
पण चार माह्या पट्ट्यावर हायेत.
छत्तीस कुठी गेले ते लिहून ठेव.’

पुस्तकातली कारणं मला पाठ होती.
धुराड्यातून इतकी, भिंतीतून इतकी,
वाफ होऊन हवेत सगळ्यात जास्त.
ती लिहून काढली तरी
मला झोप येईना, पुसाची थंडी,
मग कंदील घेऊन भोवती हिंडले.

मागच्या भिंतीला लाल कुत्री, सात पिलं,
विटा तिथे अंगाएवढ्या ऊन.
पाइपावर सोमाबाईचं लुगडं, उद्याचं,
कारण दुसरं धुतलेलंच नव्हतं.
गटाराच्या कोमट पाण्यात हमाल
पोत्यांनी सोललेले खांदे शेकत बसलेले,
कुणी बोलत नव्हतं.
राखेत रताळी.
किती अश्वशक्तीची असतात रताळी?
दुधरामच्या डाव्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग,
तोही धरायचा का, विचारायचं राहिलं.
धुराड्याच्या वर तारे थरथरत होते,
ते मी चांगले बारा धरले.

छत्तीस काही भरले नाहीत.
तीन अजून सापडायचे आहेत.

मार्चमध्ये इन्स्पेक्टर आले.
बूट काढायला नको म्हणून दारातूनच विचारलं,
इनपुट? चाळीस.
आउटपुट? चार.
त्यांनी छत्तीस लिहिलं, रकान्यावर ‘वाया’.
मी सही केली.
सही माझीच लागते आता.

ते गेल्यावर दुधराम स्टूल उचलून
मागच्या भिंतीकडे गेला.
कुत्रीनं त्याला ओळखून
थोडी जागा दिली.